दोन फूट तीन इंचांचा देश

बिल्डरांना मॉडेलं करून देणं हा माझा धंदा. शंभरास एक किंवा दोनशेस एक प्रमाणात इमारत, पुढे लॉन, लॉनवर पांढऱ्या प्लास्टिकची माणसं आणि गेटपाशी उभी एक लाल गाडी. जागा खरी असते, सर्व्हे नंबर खरा असतो, पण मागचा नाला मॉडेलवर येता कामा नये. शेजारची वस्ती तर नाहीच. झाडं लावायची ती पंधरा वर्षं वाढलेली. याला आमच्यात कुणी खोटं म्हणत नाही, ‘प्रेझेंटेशन’ म्हणतात. त्यामुळे धायरीच्या वर्कशॉपमध्ये एक मामा-भाचे आले आणि मामांनी पहिल्याच बैठकीत “सांडपाणी कुठून जातं ते दाखवायला लागेल हं, मॅडम” असं बजावलं, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. ज्या गावाच्या सांडपाण्याची त्यांना काळजी होती, ते गाव पृथ्वीवर कुठेच नव्हतं.

मामांना सगळे अण्णा म्हणतात. रेल्वेत सेक्शन कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. कंट्रोलर म्हणजे कानाला फोन लावून समोरच्या तक्त्यावर गाड्या ओढणारा माणूस: आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. एकेरी मार्गावर दोन रेघांनी एकमेकींना स्टेशनातच छेदायचं. मध्येच छेदल्या तर काय होतं ते सांगायला नको. भाचा आयटीत. त्याच्या कपाटात हाताने रंगवलेल्या सैनिकांच्या पलटणी आहेत आणि शनिवार-रविवारी तो मित्रांबरोबर फासे टाकून लढाया खेळतो. मामांना आगगाडी हवी होती, भाच्याला लढाई. घरात मोकळी खोली एकच, म्हणून टेबलही एकच. त्यावरचा देश दोघांनी मिळून कल्पनेने रचायचा होता.

ही हौस काही आजची नाही. एच. जी. वेल्सने १९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ लिहिलं, त्यातल्या साहित्याच्या यादीत सैनिक, विटा आणि फळ्यांच्या जोडीला चावीच्या आगगाड्या आणि त्यांचे रूळही आहेत. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये मात्र स्प्रिंगच्या तोफेने सगळी जमीन व्यापली. ही तोफ लाकडी गोळी खरोखर उडवायची आणि सैनिक खरोखर आडवे व्हायचे. पुढे दोन्ही मंडळींच्या वाटा वेगळ्या झाल्या. रेल्वेवाले खिळे मोजत बसले, लढाईवाले फासे. कल्पित प्रदेश मात्र दोन्हीकडे टिकले. इंग्लंडमध्ये जॉन अहर्नने खऱ्या इमारती हव्या तिथून उचलून आपली ‘मॅडर व्हॅली’ वसवली. ती आज ऑक्सफर्डशरच्या पेंडन संग्रहालयात आहे. कॅलिफोर्नियात जॉन ॲलनने जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले आणि शंटिंगला इंजिनाऐवजी एम्मा नावाची डायनॉसोर ठेवली. इकडे टोनी बाथ या लढाईवाल्याने हायबोरिया नावाच्या अख्ख्या काल्पनिक खंडावर वर्षानुवर्षं मोहिमा चालवल्या.

मला यात सगळ्यांत जवळचे वाटतात ते रेव्हरंड ऑड्री. थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे. गोष्टींतल्या तपशिलांचा मेळ बसावा म्हणून त्यांना गाड्यांसाठी एक भूगोल हवा होता. मॅन बेटाच्या बिशपच्या पदनामात ‘सोडोर आणि मॅन’ अशी दोन नावं येतात. मॅन नकाशावर सापडतं, सोडोर नावाचं बेट सापडत नाही. ऑड्रींनी तिथेच आपलं बेट टाकलं आणि भावाला बरोबर घेऊन त्याचा इतिहास, गावं, माणसं, रेल्वे असं सगळं रचलं. त्याचं पुस्तक १९८७ साली निघालं. लहान मुलांच्या गोष्टींसाठी एवढी खटपट! अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग? बेट आहे म्हटल्यावर वेळापत्रक नको?”

खरा इतिहास का घेतला नाही, हे मी विचारलं होतं. भाचेबुवांचं उत्तर व्यवहारी होतं: “ताई, आपल्याकडची लढाई टेबलावर मांडली की चहा यायच्या आत कुणाचा तरी खापरपणजोबा त्यात निघतो. मग त्याला हरवायचं कसं?” अण्णांचं वेगळंच. ते म्हणाले, बार्शी लाइट रेल्वे जशीच्या तशी केली तर मी आयुष्यभर लोकांना डब्याचा रंग समजावत बसेन. तेव्हा सांजवड आणि धारकोट ही दोन संस्थानं जन्माला आली. सांजवड घाटाच्या माथ्यावर, धारकोट खाली. काळ ढोबळमानाने १९०० नंतरचा. कंपनी सरकार इथे आलंच नाही, रेल्वे युरोपातून उधारीवर घेतलेली.

पहिला पेच पडला तो माणसाच्या उंचीचा. भाचेबुवांचे बरेचसे सैनिक २८ मिलिमीटरचे, जाड बैठकीवर उभे. अण्णांची इंजिनं आणि डबे १:७६ चे. त्या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस २२ मिलिमीटरचा होतो. पलटण फलाटावर उभी केली तर एकेक शिपाई डब्याच्या दारातून आत जाणार नाही, छपरावर कोपर टेकून उभा राहील. आमच्या दिवाळीच्या किल्ल्यात हे सर्रास चालायचं. महाराज दरवाजापेक्षा मोठे, मावळे त्यांच्या गुडघ्याएवढे, आणि पायथ्याशी हत्तीएवढा वाघ. तिथे माप मानावरून ठरतं. पण अण्णा मानावर जाणारे नव्हेत. शेवटी २८ मिलिमीटरवाले कपाटातच राहिले आणि १:७२ चे प्लास्टिकचे सैनिक आले. ७२ आणि ७६ मधला फरक डोळ्यांना कळत नाही. अण्णांना कळतो, पण तेवढा त्यांनी पोटात घातला.

रुळांचं मात्र नशिबाने जमलं, आणि त्यातूनच देशाचा स्वभाव ठरला. या प्रमाणात एक फूट म्हणजे चार मिलिमीटर. माथेरानची गाडी दोन फुटांची, म्हणजे रुळांत ८ मिलिमीटर अंतर हवं. बार्शी लाइट अडीच फुटांची, म्हणजे १०. बाजारात तयार मिळतो तो ९ मिलिमीटरचा रूळ. म्हणजे दोन फूट तीन इंच, बरोबर दोहोंच्या मध्ये. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे खरोखर याच मापाची आहे, आणि तिथे ऑड्रींनी स्वयंसेवक म्हणून कामही केलं होतं. अण्णा खूश झाले. सांजवड दरबाराने दोन फूट तीन इंच का निवडले याचं एक टिपण त्यांनी लिहून आणलं, वर ‘गोपनीय’ असा शेरा. त्यात बार्शी लाइटच्या कॅलथ्रॉपचा सिद्धांत होता. १८९७ साली ती गाडी सुरू झाली तेव्हा इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, म्हणून हलक्या रुळांवरही भरपूर माल जायचा. टिपणाच्या शेवटी अण्णांनी वाक्य टाकलं होतं की दरबारच्या तोफा याच हिशेबात बसल्या पाहिजेत. भाचेबुवांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना मोठ्या तोफा हव्या होत्या.

खरं भांडण त्यानंतर झालं, अंतर आणि वेळेवरून.

आमचं टेबल १४ फूट लांब, ५ फूट रुंद. याहून रुंद केलं तर मधोमध हात पोचत नाही. १४ फुटांना ७६ ने गुणलं की सव्वातीनशे मीटर होतात. म्हणजे सांजवडचा जो काही मुलूख दिसतो तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या काळच्या रायफलीचा पल्ला सहाशे यार्ड धरला तर या मापाने तो २४ फूट येतो. गोळी टेबल ओलांडून, खोली ओलांडून जिन्यात जाईल. म्हणून लढाईच्या खेळात जमीन आवळून घेतात. सैनिक एका मापाचे, जमीन दुसऱ्या. भाचेबुवांच्या नियमात रायफलीचा पल्ला २४ इंच. आता अण्णांची मालगाडी, इंजिन आणि सहा वाघिणी, भरते ३२ इंच. म्हणजे इंजिनापाशी उभ्या असलेल्या शिपायाची गोळी शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत पोचायची नाही. शिवाय ताशी १५ मैलांनी गाडी सोडली तर ती सगळा देश पन्नास सेकंदांत ओलांडून भिंतीपाशी जाते, आणि तेवढ्या अवधीत भाचेबुवांचं फासे हलवूनही होत नाही.

दोघंही आपापल्या जागी बरोबर. अण्णांच्या दृष्टीने गाडीचा वेग ही वस्तुस्थिती, भाच्याच्या दृष्टीने खेळी ही वस्तुस्थिती. मी मध्ये टेप घेऊन. बिल्डरांच्या कामात असं कधी घडत नाही. तिथे वेळ नसतेच, सगळं कायम सकाळी दहाचं.

तोडगा निघाला तो अण्णांच्या तक्त्यातून. रेल्वेच्या मॉडेलवाल्यांकडे ‘फिडल यार्ड’ असतं: देखाव्याच्या मागे, पडद्याआड एक फळी, तिथे गाड्या हाताने लावून ठेवायच्या. ती फळी म्हणजे उरलेलं जग. आम्ही ठरवलं की सांजवडच्या मार्गावर सहा स्टेशनं आहेत, पण टेबलावर एकच, वडमाळ. बाकीची पाच अण्णांच्या तक्त्यावर. टेबलावरचं अंतर भाच्याचं, टेबलाबाहेरचं अण्णांचं. भाच्याची एक खेळी म्हणजे तक्त्यावरचा दहा मिनिटांचा एक चौकोन. दोन स्टेशनांत पाच मैल, म्हणजे दोन खेळ्या. लष्करी गाडीला तीनच वाघिणी, म्हणजे ती पल्ल्याच्या आत मावते. तोफ उतरवायला धक्क्यावर तीन खेळ्या. कागदावर हे सोपं दिसतं. पण या एका नियमाने सांजवडचा सेनापती रडकुंडीला आला, कारण त्याला पहिल्यांदाच कळलं की लढाई टेबलावर सुरूच होत नाही.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. रेल्वेच्या मॉडेलात डोंगर उताराचा असतो, गवत उभं असतं, हात लावायची सोय नसते. लढाईच्या टेबलावर माणसं कोपरं टेकतात, आणि उतारावर सैनिक उभे राहत नाहीत, घसरतात. म्हणून लढाईवाले पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर करतात, जे रेल्वेवाल्यांच्या डोळ्यांना केकसारखे दिसतात. मी बरेच दिवस यावर अडले होते. मग ताम्हिणीतून उतरताना भातखाचरं दिसली. पायऱ्याच की त्या! प्रत्येक पायरी सपाट, कडेला बांध. आठ मिलिमीटरचे सनबोर्ड एकावर एक रचले; एक पायरी ४५ मिलिमीटर रुंद, म्हणजे सैनिकांची ४० मिलिमीटरची बैठक नीट बसते आणि मापात बघाल तर साडेतीन मीटरचं खाचर, दोन फुटांचा बांध. खोटं काहीच नाही. कडा पट्टीच्या प्लास्टरने मोडल्या, वरून रंगवलेला लाकडाचा भुसा, तोच दिवाळीच्या किल्ल्यावरचा, फक्त दोनदा चाळलेला. भाचेबुवांना बांधामागे आडोसा मिळाला, अण्णांना घाट मिळाला. खाचरात चिखल असेल तर तोफ ओढायला दुप्पट वेळ, हेही लगेच नियमात गेलं.

तारायंत्राचे खांब बाहीला लागून मोडायचे, म्हणून ते पितळी नळ्यांत नुसते खोवले. ओढले की निघतात. त्यावरून नियम आला की खांब काढला म्हणजे तार तुटली. रुळांवर हाताचा तेलकटपणा बसून इंजिन मध्येच थांबायचं. भाचा बोटाने ढकलू गेला तर अण्णांनी त्याचा हात धरला. “फेल म्हणजे फेल. लिहा, वडमाळ, इंजिन फेल.” तेव्हापासून खेळाआधी स्पिरिटचा बोळा रुळांवरून फिरवणं हे दोन्ही सेनापतींचं काम झालं. ज्याने टाळलं त्याचं त्याने भोगायचं.

आणि सांडपाणी. वडमाळच्या पाणभरणीच्या टाकीपासून धक्क्यामागून एक नाला खाली जातो. मी तो कुरकुरत केला. अंगुळभर रुंद, तळाला काळपट वार्निश, एका ठिकाणी मोरी. माझ्या कारागिराने विचारलंसुद्धा, “ताई, हे गिऱ्हाईक पैसे देणार ना?” पुढे धारकोटच्या टोळीने त्याच नाल्यातून येऊन धक्का घेतला, आणि सांजवडच्या दोन तोफा वाघिणीवर बांधलेल्या अवस्थेतच गेल्या. इतकी वर्षं मॉडेलवरून जो नाला मी खरवडून काढत आले, त्याने इथे लढाई जिंकून दिली होती. पुढच्या आठवड्यात एका टाउनशिपचं काम आलं आणि नाला वगळायची सूचना आली. वगळला. धंदा आहे.

सगळ्यांत रंगलेला वाद गोळ्याचा. एकेरी मार्गावर आपल्याकडे नीलचं बॉल टोकन यंत्र असायचं. दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक यंत्र, तारेने जोडलेलं. पलीकडच्या मास्तरने साथ दिल्याशिवाय लोखंडी गोळा बाहेर येत नाही, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही. ड्रायव्हरच्या हातात गोळा तरच गाडी पुढे. आमच्या टेबलावर तो सायकलचा छर्रा आहे. एका खेळात धारकोटच्या स्वारांनी वडमाळ घेतलं, उभी गाडी पकडली, आणि त्यांचा खेळाडू ती घेऊन निघाला. अण्णा पंच होते. “गोळा?” “अहो अण्णा, युद्धात कोण गोळा विचारतो?” “पलीकडून येणारा ड्रायव्हर विचारतो.” मग लक्षात आलं की याहून भारी डाव उलटा आहे: गाडी नेऊ नका, नुसता गोळा खिशात घालून पळा. दोन्हीकडची यंत्रं बंद पडतात आणि माणूस न मारता मार्ग अडतो. भाचेबुवांनी पुढच्याच खेळात हेच केलं. त्यावर अण्णांनी कागदी लाइन क्लिअरचा उपाय काढला, पण त्यासाठी तार शाबूत हवी. तारही तुटलेली असेल तर पुढे झेंडीवाला चालत आणि त्याच्या मागे त्याच्याच वेगाने गाडी. पाच मैलांना दहा खेळ्या.

याच काळात अण्णांनी हरमन हॉप्टबद्दल वाचलं. अमेरिकेच्या यादवीत १८६२ साली उत्तरेच्या सैन्याची रेल्वे सांभाळणारा इंजिनिअर. त्याचं म्हणणं असं, की गाड्यांच्या चलनात लष्करी अधिकाऱ्यांनी तोंड घालायचं नाही, आणि आलेला डबा लगेच रिकामा करून परत पाठवायचा. अण्णांना सख्खा भाऊ सापडल्याचा आनंद झाला. कारण सांजवडच्या सेनापतीने, म्हणजे त्यांच्याच भाच्याने, आदल्या मोहिमेत तीन गाड्या एकामागोमाग वडमाळला रेटल्या होत्या. स्टेशनात रूळ दोन आणि एक साइडिंग. तिन्ही भरले. रिकाम्या वाघिणींना परत जायला वाट नाही, आणि दारूगोळ्याची चौथी गाडी मागच्या स्टेशनात शिट्टी मारत उभी. सैन्य मोठं, जागा मोक्याची, काडतुसं संपलेली. “मामा, एक लूप वाढवून द्या ना,” भाचा म्हणाला. “दरबारकडे अर्ज कर. पुढच्या अंदाजपत्रकात बघू,” अण्णा म्हणाले. विनोद म्हणून नाही. आजतागायत तो लूप झालेला नाही.

चिलखती गाडीची हौस सगळ्यांनाच असते. मी तीही करून दिली, पत्र्याच्या ऐवजी अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची, रिव्हेट्स सुईच्या टोकाने उठवलेले. इंजिन कुठे जोडायचं यावर मात्र दोघांचं क्षणात एकमत झालं: मध्ये. १५ नोव्हेंबर १८९९ ला नाताळमध्ये चीव्हलीजवळ बोअरांनी जी चिलखती गाडी अडवली तिचं इंजिन मध्ये होतं. पुढचे डबे घसरले, तरी ते अडथळा बाजूला ढकलून जखमींना घेऊन निसटलं. मागे राहिलेल्यांत वार्ताहर म्हणून गेलेला विन्स्टन चर्चिल होता आणि तो पकडला गेला. आमच्या चिलखती गाडीला अजून कुणी नामवंत कैदी मिळालेला नाही. रुळावर चार दगड ठेवले की तिची ऐट संपते. दिसते मात्र झकास, आणि पाहुणे आले की सगळे तिचेच फोटो काढतात. रंगकामाच्या दृष्टीने मला पाणभरणीचा खांब जास्त जमला आहे, त्याच्या बुडाशी गंजाचा ओघळ आणि शेवाळ, पण तिकडे कुणी बघत नाही.

सध्याचं काम सीमेवरच्या स्टेशनाचं आहे. धारकोटने तीन फुटांचा रूळ टाकलाय, म्हणजे आमच्या मापाने १२ मिलिमीटर. ही भाच्याची चाल, शत्रूला वेगळं दाखवायला. अण्णा मात्र त्यावर दोन दिवस गप्प होते आणि मग फुलस्केप कागद घेऊन बसले. त्यांची सुरुवातीची नोकरी कुर्डुवाडीची. मोठ्या गाडीतून बार्शीच्या छोट्या गाडीत माल पाठीवरून हलवताना त्यांनी पाहिलेला. रुळांची रुंदी बदलते तिथे इंजिन, वाघीण, वेळापत्रक सगळं थांबतं आणि माणसाची पाठ सुरू होते. शत्रूची इंजिनं पकडली तरी आपल्याला काडीचा उपयोग नाही. आपल्या तोफा त्याच्या मुलखात न्यायच्या तर धक्क्यावर उतरवून पुन्हा चढवायच्या, म्हणजे आणखी सहा खेळ्या. भाच्याने आधी हिशेब चुकीचा आहे म्हणून पाहिलं, मग स्वतः करून पाहिला, मग धारकोटचा रूळ उखडून सांजवडच्या मापाने बसवायला किती दिवस लागतील ते विचारलं. अण्णांनी मैलाला किती स्लीपर लागतील तिथपासून सुरुवात केली.

तोवर मला ट्रान्सशिपमेंट शेड करायची आहे. दोन्ही बाजूंना दोन मापांचे रूळ, मध्ये फलाट, वर पत्रा. हमाल मात्र बाजारात मिळत नाहीत. या मापात बंदूकवाले हवे तितके मिळतात, पोतं उचलणारा एकही नाही. म्हणून भाचेबुवा जादा पलटणीच्या बंदुका ब्लेडने कापून पाठीवर पुटीची पोती देताहेत. अण्णांच्या हिशेबाने एका पाळीला तीस हमाल लागतात. भाचेबुवा बारावर अडून बसलेत, कारण उरलेले अठरा त्यांच्या पायदळातून जाणार.